लग्नपत्रिका नव्हे, बिबड्यांचे लेबल

जळगाव,
२ एप्रिल १९९४

ती. रुपचंदभाऊ यांना धाकट्या प्रमिलाचा वाकून नमस्कार. (डॉक्टरांनी कमरेतून वाकायला मनाई केली आहे, तेव्हा तो वाकल्यासारखा समजावा.)

तुम्ही टाचणी लावून परत पाठवलेला पिवळा कागद ही लग्नपत्रिका नाही. ते बिबड्यांच्या पाकिटावरचे लेबल आहे. एवढे कळवण्यासाठी हे पत्र लिहिणे भाग पडले. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनी मीठ कमी खातात का, की डॉक्टरांसमोर कमी आणि घरी जास्त? गायीला पाडी झाली असे ऐकले, आनंद वाटला. आता मुद्द्याचे.

काल दुपारी शिंदखेड्याच्या गाडीचे कंडक्टर तोताराम दारात उभे राहिले आणि पिशवी पुढे करून म्हणाले, अभिनंदन. मी त्यांना कशाबद्दल असे विचारले तर ते नुसते हसले. पिशवीत वर तुमची चिठ्ठी, आणि खाली वहिनींनी फडक्यात बांधून दिलेली हळकुंडे आणि हिरवे पातळ. एकाच पिशवीत नवऱ्याचा संताप आणि बायकोचा आनंद घालून पाठवणारे घर मी पहिल्यांदाच पाहिले. पिशवी निघण्याआधी तुम्ही दोघे एकमेकांशी बोलला असता तर एक तरी गोष्ट घरी राहिली असती. 'नवरदेवाचं नाव छापलं, माझं नाव छापलं, आता माझं मत कुठल्या छापखान्यात टाकलं तेवढं कळव' हे तुमचे वाक्य मात्र चांगले आहे. मॅट्रिकच्या निबंधात असे एक जरी लिहिले असते तर तुम्हाला दुसऱ्यांदा बसावे लागले नसते.

पुढे तुम्ही लिहिता की पाडव्याला येऊन कुंदाला घेऊन जाणार, कॉलेज बस झाले, आणि आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, एरंडोलच्या लोकांशी साखरपुडा उरकणार. तुमची पोरगी माझ्याकडे राहून शिकते आहे, शेवटच्या वर्षाला आहे. पाडव्यानंतरच्या आठवड्यात तिचे प्रदर्शन आहे, त्याचे गुण नसतील तर परीक्षेलाच बसू देत नाहीत. तुम्ही तिला पाडव्याला नेले तर तीन वर्षांचे शिक्षण तुमच्या बैलगाडीत एका ट्रंकेत मावेल आणि ती ट्रंक पुन्हा कोणी उघडणार नाही. म्हणून सगळे पहिल्यापासून लिहिते. मध्ये उठू नका.

कुंदाच्या कॉलेजात यंदा पुण्याकडून एक नवे प्राध्यापक आले आहेत. दाढी आहे, सायकल आहे, घर भाड्याचे आहे. (मी चौकशी केली.) त्यांनी मुलांना प्रकल्प दिला की दोघादोघांनी मिळून खाण्याचा एक पदार्थ तयार करायचा, त्याचे पाकीट आणि जाहिरात करायची आणि प्रदर्शनात विकायचा. इथपर्यंत ठीक. पण त्यातला दाणा न् दाणा कोणाकडून घेतला, त्याला रास्त भाव मिळाला का, ज्याने कापणी केली तो दुपारी जेवला का, हे स्वतः जाऊन पाहायचे. ज्याचे ज्याचे हात लागले त्याला मोबदला द्यायचा, कोणाचेही श्रम फुकट घ्यायचे नाहीत. आणि त्या सगळ्यांची नावे पाकिटावर छापायची. ह्याला ते 'सचोटीचा खाऊ' म्हणतात. मला पहिल्या दिवसापासून संशय आला. तीस वर्षे शाळेत काढली आहेत. ज्या मुलीच्या वहीवर 'मी हे स्वतः केले आहे' असे लिहिलेले असे, तिची वही मी सर्वांत आधी तपासत असे.

जोड्या कशा पाडल्या असे विचारले. कुंदा म्हणाली, नावाच्या आद्याक्षराप्रमाणे. तिच्या जोडीला आलेल्या मुलाचे नाव अभिमन. 'अ' आणि 'क' ह्यांच्यामध्ये अख्ख्या वर्गात एकही आशा, उषा किंवा एकनाथ नव्हता, यावर मी विश्वास ठेवावा अशी तिची अपेक्षा होती. मी चष्मा पुसला.

हा अभिमन रावेरचा. घरी केळीच्या बागा, दारात ट्रॅक्टर, घडांनी भरलेले ट्रक रोज रस्त्याला लागतात. आता तुम्हीच सांगा, रावेरच्या मुलाने खाऊ करायचा म्हटल्यावर तो काय करील? केळीचे वेफर करील. बाग घरची, घड घरचा, किसणी आईची. आणि हा मुलगा माझ्या पडवीत बसून म्हणतो की ज्वारीच्या बिबड्या करू, आणि ज्वारी शिंदखेड्याची दादर घेऊ. दादर जळगावच्या बाजारात मिळत नाही का? सगळी बाजारपेठ सोडून ह्याला बरोबर शिंदखेडाच कसे आठवले? मी तसे स्पष्ट विचारले. तो म्हणाला, "केळी घेतली तर मी माझ्याच वडिलांना भाव देणार, आणि रास्त दिला का ते मीच तपासणार. त्याला कोण सचोटी म्हणेल?" उत्तर इतके बरोबर होते की माझा संशय दुप्पट झाला. विसाव्या वर्षी कोणाला इतके बरोबर उत्तर तयारीशिवाय येत नाही.

त्याच्यावर मी नजर ठेवली आहे, ही खात्री बाळगा. येताना चपला बाहेर काढतो आणि सरळ लावतो. चहा अर्धा कपच घेतो. माझ्या हातातली भाजीची पिशवी न विचारता घेतो आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठेवून मागे फिरतो. पहिल्या दिवशी मला 'आत्या' म्हणाला. मी त्याला सांगितले की मी तुझी आत्या नाही. दुसऱ्या दिवसापासून 'बाई' म्हणू लागला, पण म्हणतो अशा आवाजात की त्यात आत्याच ऐकू येते. यातले एकही कृत्य गुन्हा नाही, हे मान्य. पण इतके दिवस एकही चूक न करणारा मुलगा माझ्या वर्गात कधी झाला नाही, आणि जो झाला तो पुढे निवडणुकीला उभा राहिला.

तर बिबड्या. एकटीने होणारे हे काम नाही, हे वहिनींना सांगायला नको. ज्वारीचा भरडा शिजवायचा, तीळ, मिरची, लसूण घालून घोटायचा, ओल्या फडक्यावर हाताने पापडासारखा थापायचा आणि खाटेवर वाळत घालायचा. कुंदाने गल्लीतल्या बायकांना बोलावले. ताईबाई, सुंदरबाई, मंजुळाबाई आणि आणखी दोघी, पाचही जणी आपापली परात घेऊन हजर. काम सुरू झाले, आणि मी पाहते तो मंजुळाबाईने पहिल्या बिबडीला हळदकुंकू लावले आणि सुंदरबाईने गाणे धरले. मी अंगणात पाणी शिंपडत होते, गाण्याचे शब्द नीट ऐकले नाहीत. ते ऐकायला हवे होते. ते लग्नाचे होते.

(चूक कुणाची म्हणाल तर आपल्याच रीतीची. लग्नाची मुलगी घरात असताना गल्लीच्या बायकांना बोलावून खाटा भरभरून बिबड्या घालायच्या म्हणजे काय, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळते. दोन शिकलेल्या बायकांना कळले नाही, कारण आम्ही दोघी प्रकल्प करत होतो.)

संध्याकाळी मोबदल्याची वेळ आली. कुंदाने प्रत्येकीच्या हातावर पैशांचे पाकीट ठेवले. ताईबाईने ते असे खाली टाकले जणू आत विंचू होता. "पैसा घीसन बिबड्या थापू? आम्ही काय रोजवर येल शेतस का, बाई?" असे म्हणून ती माझ्याकडे पाहत राहिली. आज तुमच्या, उद्या आमच्या, असे हे काम. त्याला रोजंदारी देणे म्हणजे शेजारीण म्हणून नाव काढून टाकणे. इकडे बायका पैसे घेईनात, तिकडे प्राध्यापकांचा नियम की फुकट घेतले तर सचोटी मोडली. पोरगी रडायला आली. तेव्हा कोपऱ्यात लेबलाचा मजकूर लिहीत बसलेला अभिमन हळूच म्हणाला की पैसे नको असतील तर त्यांच्याकडे जे देण्याची रीत असेल ते द्यावे. कुंदा धावत बाजारात गेली, खण आणि नारळ घेऊन आली आणि तिने पाचही जणींच्या ओट्या भरल्या. बायका प्रसन्न. नियम पाळला गेला. आणि ताईबाई उठता उठता माझ्या कानाशी आली. "आते खरं बोला, नवरदेव कोठला शे?" मी म्हटले, कसला नवरदेव? ती कोपऱ्याकडे पाहून समजूतदारपणे हसली. मला हे हसणे आवडले नाही, आणि मी तेव्हाच काही केले नाही याचे कारण बिबड्या आत घ्यायच्या होत्या.

आता तो कागद. गल्लीच्या टोकाला पंडितचा छापखाना आहे. लग्नसराईत त्याच्या मशीनवर पिवळा कागद आणि गणपतीचा ठसा कायमचा चढवलेला असतो. एका बिबडीच्या लेबलासाठी तो उतरवण्याइतका वेळ त्याला नव्हता. मजकूर साधा होता. ज्वारी पिकवणारे रुपचंद, शिंदखेडा. कापणी झुलाल. थापणाऱ्या अमुक अमुक. तयार करणारे अभिमन, रावेर आणि कुंदा, शिंदखेडा. खिळे जुळवणाऱ्याने रावेरच्या बाजूला मुलाचे नाव पाहिले, शिंदखेड्याच्या बाजूला मुलीचे नाव पाहिले, आणि हाताला लागलेल्या वळणाप्रमाणे एकाआधी 'चि.' आणि दुसऱ्याआधी 'चि. सौ. कां.' लावून टाकले. प्रदर्शनाला अगत्य येण्याची विनंती होती, ती शोभेच्या चौकटीत गेली. त्याखाली 'आहेर स्वीकारला जाणार नाही' ही ओळ कुठून आली ते पंडितलाही सांगता येत नाही. मी त्याला जाब विचारला. तो म्हणाला, "बाई, थापणाऱ्या म्हणून पाच बायकांची नावं दिली तुम्ही. मला वाटलं, करवल्या."

ताईबाईच्या सुनेचे माहेर तुमच्याच आळीत. ती माहेरी गेली तेव्हा खाऊ म्हणून एक पाकीट घेऊन गेली. बिबड्या खाल्ल्या गेल्या, कागद उरला, आणि कागद तुमच्यापर्यंत पोहोचला. यात कुंदाचा दोष काय? तुम्ही लेबलाची मागची बाजू पाहिली असती तर 'गरम तेलात तळून खावे' ही सूचना तुम्हाला दिसली असती. लग्नपत्रिकेच्या मागे अशी सूचना नसते.

तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. तुम्ही कागदाला घाबरता आणि हातात पेन असलेल्या माणसाला भुलता. महाशिवरात्रीच्या सुमाराला तुमच्या शेतात कोणी सरकारी साहेब येऊन गेला तेव्हा तुम्ही मला चार पाने त्याची स्तुती लिहिली होती. कापणीचा भाव विचारला, झुलालचे पूर्ण नाव विचारून लिहून घेतले, सालदार असून ह्याच्या पायात चप्पल का नाही असे विचारले. तुम्ही त्याला घरी शेवभाजीचे जेवण करायला सांगितले तर तो झुलालच्या शेजारी बांधावर बसून कळण्याची भाकरी खाऊन गेला. तुम्ही घाबरून झुलालला दुसऱ्याच दिवशी चपला घेतल्यात, आणि पत्राच्या शेवटी लिहिलेत की असा एक जावई मिळाला असता तर त्याच्या आधारावर मी हातातली काठी टाकून दिली असती. मी ते पत्र जपून ठेवले आहे. अनोळखी माणसाबद्दल तुम्ही इतके चांगले बोलता आणि स्वतःच्या मुलीवर एका पिवळ्या कागदाच्या जोरावर विश्वास ठेवत नाही, याचा विचार करावा.

तेव्हा शेवटचे सांगते. लग्न ठरलेले नाही. साखरपुडा झालेला नाही. मुलगा प्रकल्पाचा भागीदार आहे, आणि प्रकल्प संपला की त्याचे माझ्या पडवीत काही काम नाही, हे मी त्याला दोनदा सांगितले आहे. (दोन्ही वेळा तो 'हो बाई' म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी आला.) पाडवा तुम्ही शिंदखेड्यातच करावा. गुढी तिथली चांगली दिसते. इथल्या पायऱ्या तुमच्या गुडघ्याला सोसायच्या नाहीत. मुलीला परीक्षा देऊ द्या. मी धुळ्याला कॉलेजात जात होते तेव्हा आपल्या आबांना तुम्हीच सांगत होता की प्रमिला शिवणाच्या क्लासला जाते. तेव्हा मला एक टाका घालता येत नव्हता, आजही येत नाही, आणि आबांनी कधी एक सदरा शिवून मागितला नाही म्हणून मी पदवीधर आहे. तो भाऊ अजून तुमच्यात कुठेतरी असेल, त्याला हे पत्र वाचायला द्यावे.

वहिनींना नमस्कार, पाडीला थोपटणे.

तुमची,
प्रमिला

ता. क. तो साहेब सरकारी नव्हता. त्या दिवशी त्याच्या हातात जी वही होती ती कॉलेजची होती. आला होता तो दादरचा उगम पाहायला, प्रकल्पाचा नियम म्हणून. त्याचे नाव अभिमन. मी कालपर्यंत हे लिहिणार नव्हते. काठी टाकायची की नाही ते तुम्ही ठरवावे, पण एका हाताने लिहिलेली चार पाने दुसऱ्या हाताने खोडता येणार नाहीत.

दुसरा ता. क. एरंडोलच्या मुलाबद्दल. गेल्या महिन्यात मी पद्मालयाला दर्शनाला गेले होते. येताना तहान लागली म्हणून त्यांच्या घरी थांबले. (तहान खरी होती.) मुलगा दिसायला बरा, पण पाणी घेऊन आलेल्या बाईचे नाव विचारले तर त्याला सांगता आले नाही. ती त्यांच्याकडे तो पाळण्यात असल्यापासून आहे. कुंदाचे शिक्षण कशापर्यंत झाले हेही त्याने विचारले नाही. स्वयंपाक येतो का, हे त्याच्या आईने विचारले. मग मी एकदा रावेरलाही जाऊन आले. केळी आणायला. जळगावात केळी मिळत नाहीत असे नाही, पण ताजी बरी. अभिमनच्या आईचे नाव इंदिराबाई. घड उचलणाऱ्या माणसांना हाक मारताना त्या प्रत्येकाला नावाने हाक मारत होत्या, आणि ट्रक भरून झाल्यावर त्यांना वाढून मग स्वतः जेवल्या. मी कोण ते त्यांना सांगितले नाही. निघताना त्या मला म्हणाल्या, "बाई, केळी पिकायला वेळ लागतो, घाई करू नका." ह्यावरून त्यांना सगळे ठाऊक आहे असा माझा संशय आहे.

तिसरा ता. क. लेबलाचे प्रूफ पंडितने छापण्याआधी दाखवायला पाठवले होते. ते कुंदाने तपासले. 'ज्वारी'तला ऱ्हस्व दीर्घ केला, मंजुळाबाईचा 'ळ' दुरुस्त केला. मी काल तिला समोर बसवले आणि विचारले की 'चि. सौ. कां.' तुला दिसले नाही का. ती म्हणाली, "दिसलं, आत्या. पण त्यात शुद्धलेखनाची चूक नव्हती."

मग पुस्तक उघडून अभ्यासाला बसली. परीक्षा झाल्याशिवाय ह्या विषयावर एक शब्द बोलणार नाही असे तिने सांगितले आहे, आणि त्यालाही बजावले आहे. तुम्हीही बोलू नये. आखाजीला ती घरी येईल, तिच्याबरोबर मी येईन. एरंडोलच्या लोकांना त्याआधी नकार कळवावा. कारण म्हणून माझे नाव सांगितले तरी चालेल, त्यांच्याकडे पाणी पिताना मी तसेही कोणाला आवडले नव्हते.

पोच. शिंदखेड्याच्या सकाळच्या गाडीचे कंडक्टर तोताराम यांच्या हाती दिले: बिबड्यांचा पत्र्याचा डबा, सुतळीने बांधलेला, वहिनींनीच सोडावा. झुलालचे पाकीट वेगळे, त्याच्या नावाचे, त्यालाच द्यावे. लेबल त्याला वाचून दाखवावे, त्याचे नाव पहिल्यांदाच छापले आहे. हिरवे पातळ, घडी न मोडता, दुकानातून बदलून घ्यावे. कुंदाला काठ रुंद हवा आहे. पिवळा कागद टाचणीसह.

फडक्यातली हळकुंडे मिळाली नाहीत म्हणून तोतारामांशी भांडू नये. ती मी त्यांना दिलेली नाहीत.